बायकोबरोबरचा एक दिवस, वारासकट

"एकोणीस वर्षं! आणि त्यातला एक दिवस आठवत नाही तुम्हाला? एक?"

"आठवतो की."

"कोणता?"

"असेच... आपण जायचो ना."

"कुठे?"

"इकडेतिकडे."

"इकडेतिकडे!" बायकोने बशी ओट्यावर अशी आपटली की बशीपेक्षा ओट्यालाच जास्त लागलं असेल. "इकडेतिकडे तर भटकं कुत्रंसुद्धा जातं. मी माझ्याबरोबरचा एक दिवस विचारतेय. अख्खा नका देऊ. अर्धा द्या. दुपारनंतरचा चालेल!"

तो खुर्चीत बसून समोरच्या कपाटाकडे बघत होता. कपाटाच्या दारावर तळहाताएवढं एक कार्ड चिकटवलेलं होतं आणि घरातली सगळी आग त्या कार्डाने लावली होती. त्यावर लिहिलं होतं: गृहपाठ. बायकोबरोबरचा एक दिवस. एकच. वार, जागा, कपडे, वास. पुढच्या वेळी बायकोला घेऊन येणे.

पुढची वेळ म्हणजे गुरुवार. आज सोमवार.

बायको गाडी शिकवायची. पंधरा-सोळा वर्षं रोज नवशिक्यांच्या हातात स्टिअरिंग देऊन स्वतः शेजारी बसायचं, म्हणजे रोज सकाळी मरणाला सामोरं जाऊन संध्याकाळी घरी यायचं. सगळी वस्ती तिला मास्तरीण म्हणायची. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तिला त्याची इतकी सवय झालेली की घरात भांडतानासुद्धा तिचा उजवा पाय फरशी दाबत राहायचा. आत्ताही दाबतच होता. पण नवरा काही थांबत नव्हता, कारण तो मुळात चालतच नव्हता. चार महिने झाले, तो त्या खुर्चीत होता.

आणि गंमत बघा, हा माणूस कोण? तर बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीचा कारकून. बसमध्ये कोणी काही विसरलं की ते ह्याच्याकडे जमा. डेपोत ह्याला फौजदार म्हणायचे, कारण स्वतःची वस्तू परत न्यायची तरी ह्याच्या खिडकीवर उलटतपासणी व्हायची.

"साहेब, माझी काळी छत्री राहिली बसमध्ये."

"काळी छत्री तर अख्ख्या गावाची असते. तुमची कोणती?"

"अहो, काळीच आहे!"

"दांडा लाकडी का प्लास्टिकचा? काडी कोणती वाकलीय? बटण दाबल्या दाबल्या उघडते, का आधी रुसते?"

माणूस आधी चिडायचा. मग डोळे वर करून आठवायला लागायचा. मग त्याचा चेहरा एकदम बदलायचा. "हां हां! तिसरी काडी! बँकेच्या दारात अडकली होती, त्या दिवशी मी नवे बूट घातले होते आणि..." असं करत माणूस छत्रीबरोबर त्याचा एक अख्खा दिवस परत घेऊन जायचा. एकदा एका आजोबांची कवळी सापडली. फौजदार म्हणाला, आधी वर्णन सांगा. आजोबांना कवळीशिवाय बोलता येईना आणि वर्णनाशिवाय हा कवळी देईना. अर्धा तास हातवारे चालले. शेवटी आजोबांनी कागदावर दाताचं चित्र काढून दिलं, तेव्हा सुटले बिचारे. पण वीस वर्षांत ह्याच्या खिडकीतून एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नव्हती.

मग हे आजारपण आलं. आलं म्हणजे ताप आल्यासारखं नाही आलं. हळूहळू आलं. आधी दाढी गेली, मग जेवणाची चव गेली, मग झोप. डेपोत कोणाला काही कळलं नाही. माणूस गप्प झाला तर लोकांना वाटतं, बरं झालं, सुधारला. कळलं कधी? तर एके दिवशी एक गिऱ्हाईक खिडकीवर येऊन म्हणालं, "काळी छत्री." आणि फौजदाराने छत्र्यांची अख्खी मोळी उचलून समोर ठेवली.

"घ्या कुठलीही. सगळ्या सारख्याच."

माणसाने सगळ्यात महागडी उचलली आणि पोबारा केला. शेजारच्या तिकीट खिडकीवरच्या बाईने हे बघितलं, आणि ती पळत साहेबांकडे गेली. "साहेब, फौजदार आजारी आहे. खूप आजारी आहे."

डॉक्टरने तपासलं, डिप्रेशन म्हणाला, गोळ्या दिल्या आणि वर एका मॅडमकडे पाठवलं. दर गुरुवारी पाऊण तास बोलायचं. मॅडमना कायमची सर्दी. टेबलावर कागदी रुमालांचं एक खोकं आणि कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आठवडा कसा गेला?"

"वाईट."

"कोणता दिवस वाईट होता?"

"सगळेच. नेहमी असंच असतं."

"बरं, एखादी चांगली गोष्ट आठवते? लहानपणची, लग्नानंतरची, कुठलीही."

फौजदाराने बराच वेळ विचार केला. खरं म्हणजे आत हात घातला, पण हाताला काही लागेना. "आम्ही फिरायला जायचो," तो म्हणाला. "कधीकधी."

मॅडमनी नाक पुसलं आणि समजावलं. ह्या आजारात मन दुखतं, म्हणून ते आठवणीच्या आत जायला घाबरतं. आत काहीतरी टोचेल असं वाटतं त्याला. मग ते दारावरची पाटी वाचूनच परत फिरतं. 'फिरायला जायचो.' 'सगळं चुकतं.' 'नेहमीच हरतो.' पाट्या असतात, खोल्याही असतात, पण दार उघडत नाही. ह्याचा अर्थ माणसाचं प्रेम नाही असा नाही. तो खोटारडा आहे असाही नाही. "पण मला पाटीवर काम करता येत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात 'मंगळवारी अकरा वाजता अमुक झालं आणि मग मला असं वाटलं', तर मी काहीतरी करू शकते. 'नेहमी वाईट' ह्याचं मी काय करू? म्हणून आपण आधी दारं उघडायला शिकू. एकेक. वार आणि जागेसकट."

आता हे सगळं जर फौजदाराने घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं, तर ती बशी आपटलीच नसती. पण तीच तर भानगड होती. मॅडमनी हे त्याला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा घराच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यातलं अक्षरही डोक्यात राहिलं नाही. बायको विचारायची, "काय म्हणाल्या मॅडम?" हा म्हणायचा, "चांगल्या आहेत. सर्दी आहे त्यांना."

मॅडमना हेही ठाऊक होतं. हा आजार बोललेलं टिकू देत नाही, म्हणून त्या शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायच्या. आज काय ठरलं ते पेशंटनेच स्वतःच्या हाताने कार्डावर लिहायचं. पहिलं कार्ड ह्याने कोटाच्या खिशात ठेवलं आणि कोट धुवायला टाकला. त्या दिवशी मशीनमधून सगळे काळे कपडे पांढरे ठिपके घेऊन बाहेर आले. दुसरं कार्ड बसमध्ये राहिलं. म्हणजे ते ह्याच्याच खोलीत जमा झालं असणार. पण तिथे फौजदाराच्या जागी आलेल्याने वर्णन न विचारता कोणाला देऊन टाकलं असेल तर काय सांगा! तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "कपाटाला चिकटवा. रोज समोर दिसलं पाहिजे." ह्याने घरी येऊन बूट चिकटवायचा डिंक काढला आणि कार्ड असं पक्कं बसवलं की आता कपाट मोडल्याशिवाय निघायचं नाही.

पुढच्या बाजूला गृहपाठ होता. मागच्या बाजूला, ह्याच्याच अक्षरात, सगळं समजावून लिहिलेलं होतं. पाट्या, दारं, प्रेम नाही असा अर्थ नाही, सगळं. ती बाजू आता कपाट वाचत होतं.

"मी काय समजायचं?" सोमवारी रात्री मास्तरीण भांडी पुसता पुसता म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "शिकाऊ पोरं मला दहा वर्षांनी रस्त्यात भेटतात. म्हणतात, मॅडम, तुम्ही अमक्या वळणावर मला हे बोलला होतात. आणि घरातल्या माणसाला... जाऊ दे. गुरुवारी मी येते. पण त्या बाईसमोर 'इकडेतिकडे' म्हणालात, तर मी तिथूनच माझ्या भावाकडे जाईन. थोडे दिवस. मला बघायचंय, मी नाही हे तरी लक्षात येतं का."

फौजदाराला म्हणायचं होतं, नको जाऊस. पण ते घशातून वर येईपर्यंत ती झोपायला गेली होती.

मंगळवारी सकाळी अक्का आली. अक्का म्हणजे फौजदाराची थोरली बहीण. तिने आयुष्यभर शिकवण्या घेतल्या. तिची पोरं पास व्हायची. कोणाला काही कळायचं नाही, पण पास व्हायची. तिने उत्तरं पाठ करून घेतलेली असायची, स्वल्पविरामासकट. शाळेत तेवढंच बघतात म्हणा. अक्काने कपाटावरचं कार्ड वाचलं, भावाकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"एवढंच ना? एक दिवस? वार, जागा, कपडे, वास. चार मुद्दे. मी ह्याच्यापेक्षा मठ्ठ पोरांना पास केलंय."

"अक्का, मला आठवत नाही गं."

"तुला कोणी आठवायला सांगितलंय? तू पाठ कर. लिही. रविवार. सकाळचे दहा. जागा, तळं. हिरव्या रंगाची बोट, नंबर सात. ती समोर बसलीय, तिने पिवळा स्कार्फ बांधलाय. वाऱ्याने स्कार्फ उडून पाण्यात पडतो. तू उडी मारतोस."

"मला पोहता येत नाही."

"मग वाकतोस. वाकून काढतोस. ती हसते. वास कसला घालू? ओल्या लाकडाचा. ओल्या लाकडाचा वास छान वाटतो परीक्षकाला."

"पण हे झालं होतं का?"

"झालं म्हणजे काय, एकोणीस वर्षांत कधीतरी तळ्यावर गेलाच असाल! माणसं जातातच."

फौजदाराने विचार केला. गेलो असू. त्याला तेव्हा सगळंच तसं वाटायचं. गेलो असू, झालं असेल, म्हणालो असेन. तो बुधवारपर्यंत घोकत राहिला. अक्का फोनवर मध्येच विचारायची, "बोटीचा नंबर?" हा म्हणायचा, "सात." "स्कार्फ?" "पिवळा." "शाब्बास."

गुरुवारी मास्तरीण चांगली साडी नेसून आली होती. मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. तिने स्वतःची खुर्ची चार बोटं लांब सरकवून घेतली.

"काही आठवलं?" मॅडमनी विचारलं.

फौजदार उभा राहिला. उत्तर उभं राहून द्यायचं हे अक्काने सांगितलं नव्हतं, पण पाठांतर आपोआप उभं करतं माणसाला.

"रविवार होता. सकाळचे दहा. आम्ही तळ्यावर गेलो. बोट हिरवी होती, नंबर सात. ही समोर बसली होती. हिने पिवळा स्कार्फ बांधला होता. वाऱ्याने स्कार्फ पाण्यात पडला. मी वाकून काढला. ही हसली. वास, ओल्या लाकडाचा."

मॅडमच्या हातातला रुमाल नाकापर्यंत जाऊन थांबला. आजवरच्या गुरुवारांत हा माणूस एका दमात एवढं बोलला नव्हता. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी कौतुकाने बायकोकडे बघितलं.

बायको दगडासारखी बसली होती.

"बोट?" ती म्हणाली.

"हिरवी," फौजदार म्हणाला. "नंबर सात."

"मी आयुष्यात बोटीत पाय ठेवलेला नाही. मला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते."

मॅडमनी रुमाल खाली ठेवला.

"कोण होती ती?" मास्तरीण म्हणाली.

"कोण?"

"बोटीतली बाई. पिवळ्या स्कार्फवाली. हसणारी."

"तू."

"मी नव्हते!"

"मग मला माहीत नाही."

"तुमच्या समोर बसली होती आणि कोण होती ते माहीत नाही? स्कार्फ काढून दिलात वाकून, आणि नाव विचारलं नाहीत?" मास्तरणीचा उजवा पाय आता मॅडमच्या गालिच्यात रुतायला लागला होता. "मॅडम, बघा! माझा एक दिवस आठवत नाही, आणि तिच्या बोटीचा नंबर पाठ आहे!"

"अगं, पाठच आहे!" फौजदार म्हणाला. "पाठ केलाय! मी बोटीत नव्हतोच!"

"मग बाई एकटीच होती?"

"बाई पण नव्हती! अक्काने सांगितलं! अक्काने दोन दिवस घोकून घेतलं माझ्याकडून!"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. सर्दी होती का हसू, सांगता येणार नाही. पण रुमाल बाजूला केला तेव्हा चेहरा गंभीर होता, कारण मास्तरीण ओरडायची थांबली होती. पायही थांबला होता. ती आपल्या पदराचं टोक बघत होती.

"म्हणजे खरंच एकही नाही," ती हळू म्हणाली. "म्हणून उसना आणावा लागला."

फौजदार खाली बसला. त्याला वाटलं, सगळं चुकतं. नेहमीच चुकतं. आपल्याला काहीच...

"अहो, मी कार्डाच्या मागे सगळं लिहून घेतलं होतं ना?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वाचलं नाहीत का?" हे त्या बायकोला विचारत होत्या.

"मागे? कार्डाला मागे आहे?"

"मागची बाजू कपाटाला चिकटलीय," फौजदार म्हणाला.

मग मॅडमनी चौथ्यांदा सगळं सांगितलं. ह्या वेळी बायकोला. मास्तरीण ऐकत राहिली. पाट्या, दारं, सगळं. शेवटी म्हणाली, "म्हणजे हे फक्त माझ्याच बाबतीत नाही?"

"नाही. त्यांना त्यांच्या आईबरोबरचा दिवसही सांगता येत नाही. वाढदिवस नाही, सहल नाही, काहीच नाही. मी विचारून बघितलंय."

"मग मी सांगितलेला चालेल? उसना नाही, माझा स्वतःचा. त्यात हे होते."

"सांगा की. आणि तुम्ही फक्त ऐका हां," मॅडम फौजदाराला म्हणाल्या.

मास्तरणीने घसा साफ केला. "लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. मी ह्यांना गाडी शिकवायला घेतली. पहिला आणि शेवटचा दिवस तो. पाऊस पडत होता, ह्यांनी गाडी..."

"कोणती गाडी?" फौजदार म्हणाला.

मॅडमनी त्याला गप्प करायला बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं.

"आपली. पांढरी."

"पांढऱ्या दोन होत्या. डाव्या दाराला पोचा होता ती का?"

"पोचा तेव्हा नव्हता. तो तर तुम्ही त्याच दिवशी पाडलात!"

"मग तसं सांग. पोचा पडायच्या आधीची. मागची सीट फाटकी?"

"फाटकी. तिच्यावर माझी चादर."

"चादर निळी. वार?"

"मला काय माहीत वार! पाऊस होता, एवढं..."

"पाऊस नव्हता."

"अहो, होता! वायपर चालू होता, मला चांगलं आठवतंय!"

"वायपर चालू होता," फौजदार म्हणाला. तो समोर भिंतीकडे बघत होता, पण भिंत बघत नव्हता. "पाऊस नव्हता. मला वळायचं होतं. इंडिकेटर समजून मी वायपर लावला. कोरडी काच होती. किर्र किर्र वाजत होतं. तू म्हणालीस, अहो वळा. मी म्हणालो, मागच्याला कळू दे तरी. मागचा हॉर्नवर हॉर्न..."

तो थांबला. मास्तरणीचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मग?" मॅडम अगदी हळू म्हणाल्या. दारातून मांजर आत येत असताना माणूस बोलतो ना, तसं.

"शनिवार होता," फौजदार म्हणाला. "अर्धा दिवस होता माझा, डेपोतून परस्पर आलो होतो. हिने डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली होती. हिच्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. पाव कापताना कापलं होतं. संत्र्याचा वास होता गाडीत, ही तोंडात फोड टाकून शिकवत होती. मी वळलो, आणि ते कचऱ्याचं पिंप... ते बाजूला व्हायला तयार नव्हतं."

"पिंप कसं बाजूला होईल?" मास्तरीण कुजबुजली.

"ठोकलं. धाड्कन. तू हसलीस. आणि मी खाली उतरलो, दार आपटलं आणि चालत घरी निघालो. मला वाटलं, झालं, आपल्याला काही जमत नाही, कधीच जमणार नाही..." तो मॅडमकडे वळला. "ही पाटी माझ्याकडे आहे. 'गाडी जमली नाही.' ती रोज दिसते. पण आत... आत हे होतं. ही मागून गाडी घेऊन आली. मी फुटपाथवर चालतोय आणि ही शेजारून, पहिल्या गिअरमध्ये, खिडकी खाली करून. एवढं लांब अंतर. लोक बघत होते. ही खिडकीतून म्हणत होती, 'अहो बसा, क्लच जळतोय.' मी बघितलं नाही हिच्याकडे. ही म्हणाली, 'अहो, क्लच जाऊ दे, मी जळतेय, बसा.' मग सालं फेकलीस ना तू? संत्र्याची? माझ्या पाठीवर."

"फेकली," मास्तरीण म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मॅडमच्या खोक्यातले रुमाल भराभर संपत होते. "अहो, मी सतरा वर्षं सगळ्यांना पाऊस होता म्हणून सांगतेय! प्रत्येक नव्या शिकाऊ पोराला सांगते!"

"चुकीचं सांगतेस," फौजदार म्हणाला. "असं वर्णन असतं तर मी छत्री दिली नसती."

तिने खुर्ची चार बोटं आत सरकवली. वर आणखी चार.

शेवटची दहा मिनिटं कार्ड लिहायची होती. फौजदाराने दोन कार्डं भरली, दोन्ही बाजूंनी. मॅडमनी ह्या वेळी एक डबी काढून दिली. टाचण्यांची. "डिंक नको," त्या म्हणाल्या.

आता कोणाला वाटेल, झालं, माणूस बरा झाला. तसं काही नसतं. शुक्रवारी तो पुन्हा त्या खुर्चीत होता आणि विचारलं तर "नेहमीसारखं" म्हणाला. शनिवारी एक दार उघडलं, तर आत अक्कलदाढ काढली तो दिवस निघाला, रक्तासकट, आणि तो जेवायच्या वेळी त्याने पूर्ण सांगितला. मास्तरणीने ताट बाजूला ठेवलं, पण गप्प ऐकलं, आणि शेवटी विचारलं, "वार?" हा म्हणाला, "बुधवार." ती म्हणाली, "मी होते का त्यात?" हा म्हणाला, "बाहेर बाकड्यावर. माझी टोपी धरून." ती उठून भांडी घासायला गेली आणि घासताना गाणं म्हणत होती. गोळ्या चालू होत्या. गुरुवार चालू होते. कार्डं वाढत होती. त्यातली निम्मी कंटाळवाणी होती, तीन भयंकर होती, आणि एकात सबंध घर अर्धा तास किल्ली शोधत होतं, एवढंच. मॅडमना सगळी आवडायची. डेपोचा विषय अजून कोणी काढला नव्हता.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी अक्काचा फोन आला. ती रागावलेली होती, कारण तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नापास झालं होतं.

"बोट चांगली होती," ती म्हणाली. "तू घाई केलीस. मध्ये श्वास घ्यायला पाहिजे होता."

"अक्का, तिला पाण्याची भीती वाटते."

"ते तू मला आधी सांगायला नको? मी डोंगर दिला असता! आणि मी ऐकलं, तू त्या मॅडमसमोर माझं नाव सांगितलंस. पकडल्यावर कोणाचं नाव सांगायचं नसतं, एवढी साधी गोष्ट..."

"अक्का, ती बोट कोणाची होती गं?"

"माझी. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तुझे भावजी वल्हं मारत होते."

"वल्ही दोन होती का एक?"

"दोन... का एकच? थांब. एक तुटलं होतं. हो रे! एक तुटलं होतं, म्हणून आम्ही गोल गोल फिरत होतो! आणि हे मला म्हणत होते की मुद्दामच फिरवतोय, देखावा बघ. अरे, मी विसरलेच होते! आणि मग काठावर तो माणूस ओरडत..."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. एकदा लांब, दोनदा आखूड. फौजदार खिडकीशी गेला. पांढरी गाडी उभी होती, आणि मास्तरीण डाव्या बाजूच्या सीटवर बसली होती. स्टिअरिंगची बाजू रिकामी होती. तिने खिडकीतून हात बाहेर काढून घड्याळ दाखवलं.

"अक्का," तो म्हणाला, "काय म्हणत होता तो माणूस?"

"सांगते ना, ऐक, तो काठावरून..."

हॉर्न पुन्हा वाजला. ह्या वेळी थांबलाच नाही.

"अक्का, ठेवतो. ती खाली थांबलीय आणि गाडी मला चालवायचीय. मला निघायला हवं."